ईएसडी इपॉक्सी की व्हिनाइल टाइल?

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत पीसीबी (सर्किट बोर्ड) असेंब्लीची शेड टाकणारा भाचा अडलाय: ईएसडी, म्हणजे अंगावरची स्थिर वीज जमिनीत उतरवणारी फरशी कुठली, ओतून केलेली इपॉक्सी की व्हिनाइल टाइल? त्याला सांगतो: कॅटलॉग बाजूला ठेव. आयईसी 61340-5-1 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे फरशीचा जमिनीपर्यंतचा विद्युत रोध 1 गिगाओमच्या आत हवा. नीट बसवली तर दोन्ही पास.

खरा फरक दुरुस्तीत. टाइल सोल्डरने डागाळली की तेवढीच उचकटून नवी बसते, फक्त खाली तांब्याची पट्टी आणि वीजवाहक गोंदच हवा. इपॉक्सीला सांधे नाहीत, पॅलेट ट्रक बिनधास्त फिरव. पण सुकेपर्यंत काम बंद आणि ठिगळ कायम दिसणार. ओलसर काँक्रीटवर दोन्ही सुटतात. खर्चात काँक्रीटची घासाई धरलीय का, ते ठेकेदाराला आधी विचार. साधं मेणाचं पॉलिश मारलंस किंवा कामगार रबरी चपलेत फिरले, तर वीज जमिनीत उतरतच नाही, पैसे पाण्यात.

भाड्याची शेड, हाताने सोल्डरिंग: टाइल. स्वतःची जागा, जड माल: इपॉक्सी.