4.50 हेडचे मॅच छर्रे: उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतर

छर्ऱ्यांना पाचपैकी पाच, डब्याला शून्य. निकाल आधीच सांगतो, कारण गेल्या आठवड्यात विक्रेत्याशी फोनवर जे वाजलं ते अजून डोक्यातून गेलेलं नाही.

पोरगी 10 मीटर एअर रायफल खेळते. रायफल पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी; छर्रे सपाट तोंडाचे, 0.53 ग्रॅमचे. 4.50 हेड म्हणजे छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. अमेरिकेत शिकारी रायफलवाले घरी काडतूस भरतात. दारू चिमूटभर कमी-जास्त करून बघतात, गोळी किती खोल बसवायची ते बदलून बघतात आणि आपल्या नळीला काय मानवतं ते शोधून काढतात. आपल्याकडं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारच बंद आणि एअर रायफलीत दारू नसतेच. हातात उरतो तो छर्रा. पण शोधायची रीत तीच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

लातूरच्या घरात लांबलचक बोळ आहे, शेवटी छर्रे अडवायची लोखंडी पेटी. रायफलीखाली सोयाबीन भरलेली पिशवी ठेवली की ती हलत नाही, माणसाचा हात चाचणीत येत नाही. एकाच जागी नेम धरून मारलेल्या छर्ऱ्यांची भोकं किती पसरली, तो ग्रुप. पाच छर्ऱ्यांचा ग्रुप फसवतो, दहा मारायचे. भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर कॅलिपरनं मोजून त्यातून छर्ऱ्याचे 4.5 मिमी वजा केले की ग्रुप कळतो. या रायफलीत 4.49 हेडचे छर्रे पसरत होते, 4.50 चे जवळजवळ एकाच भोकात गेले. पोरीच्या मैत्रिणीच्या रायफलीत नेमकं उलटं झालं, म्हणून आमचा आकडा बघून कुणी ऑर्डर टाकू नका. हा सगळा खटाटोप कशासाठी? टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि दर 0.25 मिमीला दशांश गुण जातो. छर्रा एक मिलिमीटर सरकला की 0.4 गेले. साठ शॉटांत त्याचं काय होतं ते खेळणाऱ्याला विचारा.

सुरुवातीला माझा सगळा भर वजनावर होता. गंजगोलाईच्या बाजारात आमच्या ओळखीचे एक सराफ आहेत. त्यांचा काचेच्या पेटीतला काटा मिलिग्रॅम दाखवतो. दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यांनी पंखा बंद केला, पेटीचं दार लावलं आणि चिमट्यानं एकेक छर्रा ठेवून दिला. ‘काका, सोन्यापेक्षा जास्त निगुतीनं मोजायलो की ओ,’ म्हणाले. बहुतेक छर्रे 0.528 ते 0.533 मध्ये. हलके-जड वेगळे करून मारले, ग्रुपमध्ये डोळ्याला दिसेल असा फरक पडला नाही. चांगल्या कंपनीच्या छर्ऱ्यांसाठी वजनाचा नाद आता मी सोडलाय.

फरक पडतो स्कर्टमुळं. छर्ऱ्याचा मागचा पोकळ घेर हवेच्या दाबानं फुगतो आणि नळीतल्या आट्यांना घट्ट बसतो. तिथं पोचा आला की हवा निसटते, वेग बदलतो, छर्रा सरळ जात नाही. शिसं इतकं मऊ की बोटानं दाबलं तरी वाकतं. म्हणूनच माझा सगळा राग डब्यावर आहे. पत्र्याचा डबा, वर नुसतं दाबून बसवायचं झाकण, आत स्पंजची चकती नाही! पुण्याहून लातूरला येईपर्यंत पाचशे छर्रे एकमेकांवर आपटत येतात. शेवटच्या पार्सलमध्ये झाकण निघालेलं, छर्रे खोक्याच्या तळाशी सांडलेले. विक्रेता म्हणतो, ‘सर, शिसंच आहे, थोडं इकडं-तिकडं होणारच. अनबॉक्सिंगचा व्हिडिओ आहे का?’ व्हिडिओ नव्हता. फोटो होते, ते चालले नाहीत. एवढे पैसे मोजून घेतलेल्या मालाला दोन रुपयांची चिकटपट्टी लावता येत नाही?

मग रात्री बसून निवडले. तिरक्या काचेवर छर्रा आडवा ठेवून सोडायचा. स्कर्ट धड असेल तर तो एकसारखा वळण घेत खाली येतो, पोचा असेल तर अडखळतो. शंका आली की मोबाईलच्या टॉर्चसमोर धरून मागून बघायचं. खराब निघालेले टाकले नाहीत, उभं राहायच्या पोझिशनच्या सरावाला वापरले. हे काम झालं की साबणानं हात धुवायचे, छर्रे तोंडात तर कधीच धरायचे नाहीत, शिसं आहे ते.

एप्रिल-मेच्या उन्हात ग्रुप फारसा बदलला नाही. पावसाळ्यात मात्र उघड्या राहिलेल्या डब्यातल्या छर्ऱ्यांवर पांढरट भुकटी दिसली. तेव्हापासून डबा सिलिका जेलच्या पुडीसकट स्टीलच्या डब्यात असतो.

परत घेईन का? घेईन, कारण नळीला हेच मानवतात. या वेळी दुसऱ्या दुकानातून एकाच लॉट नंबरचे, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेला बनलेले डबे एकदम मागवलेत, कारण लॉट बदलला की चाचणी पुन्हा पहिल्यापासून. ऑर्डर देण्याआधी फोन करून दोनच गोष्टी ठरवल्या: प्रत्येक डब्यात वरून स्पंज घालायचा आणि झाकणाला टेप मारून फोटो पाठवायचा. दुकानातल्या पोरानं खळखळ न करता दोन्ही केलं. डबे काल आले. काचेवरून सोडलेल्या पहिल्या मूठभर छर्ऱ्यांत एकही अडखळला नाही.