चारशे वॅटचं धुराचं मशीन, अठरा हजारांचा यादवकाळ

आधी गुण सांगतो: पाचपैकी साडेतीन. एक गुण आवाजाने घालवला, अर्धा टाकीच्या झाकणाने.

मशीनचं नाव लिहीत नाही. ३,२०० रुपयांच्या आसपासची ही काळी पत्र्याची खोकी मला तरी सगळी एकाच साच्यातली वाटतात, फक्त स्टिकर वेगळा. ४०० वॅट, वायरचा रिमोट आणि सोबत एवढीशी द्रवाची बाटली, जी पहिल्याच रात्री संपली. पाच लिटरचा कॅन वेगळा घ्यावा लागला.

आमच्या अकरा मिनिटांच्या फिल्मचं बजेट सगळं मिळून १८ हजार. गोष्ट यादवांच्या काळातली: गावची गुरं राखताना पडलेला एक वीर अमावास्येच्या रात्री स्वतःच्या वीरगळातून, म्हणजे त्याच्या आठवणीसाठी कोरून उभ्या केलेल्या दगडातून, खाली उतरतो आणि आपल्याला दगा देणाऱ्याचं घर शोधत गावात शिरतो. कागदावर झकास. लोकेशन मात्र साताऱ्याजवळचं मामाचं शेत. तिथे कॅमेरा कुठेही वळवा. विजेचा खांब, मोबाइलचा टॉवर आणि पोल्ट्रीचं निळं शेड, तिघांपैकी एक जण फ्रेममध्ये हजर. संरक्षित किल्ल्यावर किंवा लेण्यात जायचं तर परवानगी, फी, आणि ते आमच्या खिशाबाहेरचं. म्हणजे शेतातच तेरावं शतक आणायचं, आणि त्यासाठी बाकीची सात शतकं झाकायची. मशीन घेतलं ते एवढ्यासाठीच.

घेण्याआधी घरचे उपाय करून झाले होते. गोवऱ्या पेटवून त्यावर धूप टाकला. धूर सुंदर, पण तो जातो त्याच्या मर्जीने. दुसऱ्या टेकला आमचा वीर खोकत खोकत दगडातून उतरला, डोळे लालभडक, आणि मामी ओट्यावरून म्हणाली, "अरे, भूत आहे की दम्याचा पेशंट?"

मशीनचं काम सोपं आहे. हीटर तापायला पाचेक मिनिटं लागतात, मग दिवा लागतो. बटण दाबलं की पंप ग्लायकॉल आणि पाण्याचं मिश्रण तापलेल्या नळीत ढकलतो, तिथे त्याची वाफ होते आणि बाहेरच्या गार हवेत तिचे बारीक थेंब बनतात. वीस-पंचवीस सेकंद मारलं की हीटर थकतो. पुन्हा दीड-दोन मिनिटं थांबायचं. छोट्या मशीनला हे धरूनच चालावं लागतं. आम्ही टेकची वेळच त्या थांब्यावर बांधली.

खरी अडचण अशी की हे धुकं कोमट असतं, त्यामुळे ते वर उठतं. आपल्याला हवं असतं जमिनीवर सरपटणारं. मासळीवाल्याकडून थर्माकोलचा खोका आणला, दोन्ही बाजूंना भोकं पाडून चार इंची पाइपचे तुकडे बसवले, आत बर्फाचे तुकडे भरले. मशीनचं तोंड पाइपला चिकटवायचं नाही, चार बोटं लांब ठेवायचं. ते इतकं तापतं की पुतण्याच्या अंगठ्यावर अजून डाग आहे. बर्फातून गेलेलं धुकं जड होऊन खालून वाहतं. पण वाऱ्याची झुळूक आली की खेळ खलास, म्हणून शूटिंग जानेवारीत, पहाटे साडेपाच ते पावणेसात. त्या वेळी थंड हवा ओढ्याच्या बाजूला साचून असते, पान हलत नाही. सूर्य वर आला की अर्ध्या तासात सगळं विरतं.

आणि लाइट मागून द्या. समोरून दिलात तर धुक्याची पांढरी भिंत होते आणि माणूस त्यात बुडतो. आम्ही एकच एलईडी दिवा थर्माकोलच्या वीरगळाच्या मागे, जमिनीलगत ठेवला होता. धुकं आधी खालच्या पट्टीतल्या लढाईवर आलं. मग मधल्या पट्टीतल्या, वीराला वर नेणाऱ्या अप्सरा गेल्या. सगळ्यात वर शिवलिंग आणि चंद्र-सूर्य तेवढे उरले, आणि त्यांच्या मागचा खांब कुठे गेला ते मलाही कळलं नाही. मॉनिटरवर ते बघताना कुणी बोललं नाही. हा शॉट एका टेकमध्ये मिळाला. त्याचा रिव्हर्स, म्हणजे उलट्या बाजूने घेतलेला शॉट, मिळायला दोन पहाटा गेल्या, कारण मघाचं धुकं आणि आत्ताचं धुकं कधी जुळत नाही. आणि ऑटोफोकस बंद ठेवा, तो धुक्यात चाचपडत बसतो.

विजेचं म्हणाल तर गाडीच्या लायटर सॉकेटवरच्या इन्व्हर्टरच्या नादी लागू नका. ४०० वॅट ओढायला लागलात की फ्यूज उडालाच म्हणून समजा. आम्ही मामाच्या घरातून लांब वायर ओढली.

आता तक्रारी. बटण दाबलं की मशीन 'फस्स्स' करतं, कुकरची शिट्टी अडकल्यासारखं. त्या आवाजात संवाद रेकॉर्ड होत नाहीत. आम्ही सगळे नंतर गोठ्यात घोंगड्या टांगून डब केले. रिमोटची वायर तोकडी, त्यामुळे बटण दाबणारा फ्रेमच्या कडेला आडवा पडून राहणार. टाकीचं झाकण नीट बसत नाही. मशीन तिरकं झालं की द्रव गळतो आणि तिथली जमीन निसरडी होते. विकणाऱ्याला फोटो पाठवले, उत्तर आलं, "सर, मशीन सपाट जागेवर ठेवा." शेतात.

घेणाऱ्यांसाठी: टाकी रिकामी असताना पंप चालवू नका, जळतो. घरी द्रव बनवायच्या फंदात नळाचं पाणी घालू नका, क्षार साचून नळी बुजते. बंद खोलीत वापरणार असाल तर खिडकी उघडी हवी. एवढं सांभाळलं तर बारा-पंधरा हात रुंदीच्या फ्रेमसाठी ४०० वॅट पुरतात. सैन्य दाखवायचं असेल तर मोठं घ्या किंवा सैन्य कमी करा. आम्ही सैन्य कमी केलं, तीन भाले धुक्यात उभे केले.

सध्या मशीन पुतण्याच्या मंडळाने गणपतीच्या देखाव्यासाठी नेलंय. झाकण दोऱ्याने बांधून दिलंय. दोरा तरी परत यावा.