दंडाला बांधायचे रक्तदाबयंत्र: वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या वर्षी आईला तीव्र डोकेदुखी, उलट्या आणि डोळ्यांपुढे अंधारी असा त्रास झाला तेव्हा रुग्णालयात रक्तदाब 210/130 भरला. त्यानंतर हे डिजिटल यंत्र घेतले. दाब एवढा चढला की मेंदूतील रक्तवाहिन्यांची रक्तप्रवाह नियंत्रित ठेवण्याची क्षमता कोलमडते, द्रव बाहेर झिरपून सूज येते, आणि ती बहुधा मेंदूच्या मागच्या, दृष्टीशी निगडित भागात अधिक असल्याने नजर धूसर होते, असे डॉक्टरांनी समजावले होते.

यंत्राचे आकडे ठळक आहेत. आईला ते चष्म्याविना वाचता येतात. मात्र सोबतचा पट्टा जाड दंडाला अपुरा पडतो आणि आकडा खोटाच वाढतो, त्यामुळे मोठा पट्टा वेगळा विकत घ्यावा लागला. ही कंजुषी खटकली.

त्याहून गंभीर उणीव पुस्तिकेत आहे. 180/120 च्या वर आकडा गेल्यास थोडे शांत बसून पुन्हा मोजावे, आणि सोबत गोंधळलेपणा, झटके किंवा बोलताना अडखळणे असेल तर तत्काळ रुग्णालय गाठावे, एवढेही तीत नाही. मनाने जादा गोळी देऊन दाब एकदम उतरवल्यास मेंदूचा रक्तपुरवठाच घटू शकतो, हा इशारा तर दूरच राहिला.