मुक्कामी सफरीसाठी केव्हलरची कनू: भाडे जास्त, पण खांद्याला परवडणारी

एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना मधल्या जंगलातून होडी खांद्यावर वाहून न्यावी लागते, अशा जलमार्गावरील काही दिवसांच्या सफरीसाठी आम्ही चार मित्रांनी दोन कनू, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळत्या, वल्ह्याने चालवायच्या उघड्या होड्या, भाड्याने घेतल्या होत्या. दोन्ही १७ फुटी, दोघांनी वल्हवायच्या आणि केव्हलर या हलक्या, चिवट कृत्रिम धाग्याच्या. या लांबीची ॲल्युमिनियमची कनू सहसा ३० किलोंच्या वर भरते आणि साध्या प्लॅस्टिकची त्याहूनही जड असते. आमच्या मात्र प्रत्येकी १९ किलोंच्या आसपास होत्या. भाडे साहजिकच जास्त होते आणि त्यावरून आमच्यात बरीच घासाघीस झाली, पण पहिल्या पोर्टेजनंतर, म्हणजे होडी खांद्यावरून वाहून नेल्यानंतर, तो विषय पुन्हा कोणी काढला नाही.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. कनू हलकी असेल तर जोडीतील एकजण ती आणि एक लहान पिशवी घेतो, दुसरा मोठे ओझे पाठीवर टाकतो आणि सगळे सामान एकाच खेपेत पलीकडे पोचते. ती जड असली की दोन खेपा अटळ होतात, म्हणजे ओझ्यासह जाणे, रिकाम्या हाताने परत येणे आणि पुन्हा ओझ्यासह जाणे. एक किलोमीटरच्या वाटेसाठी तीन किलोमीटर चालावे लागते. दिवसात अशा चार वाटा असतील तर संध्याकाळी तंबू ठोकायलाही अंगात त्राण उरत नाही. हलक्या कनूचेही लाड मर्यादितच, हे सांगायला हवे. ती उलटी करून डोक्यावर घेतली की पुढच्या चार पावलांपलीकडचे काही दिसत नाही, पुढचे टोक थोडे वर धरून चालावे लागते, आणि आतल्या पोकळीत शिरलेले डास नेमके दोन्ही हात गुंतलेले असताना कानामागे चावतात. मधल्या आडव्या लाकडी जुवावर सगळा भार पेलला जातो, त्यामुळे त्यावरच्या गाद्या घट्ट असणे अत्यावश्यक आहे. आमच्या एका कनूच्या गादीचा स्क्रू सैल होता. दुकानदाराने हे आधी तपासायला हवे होते. ताबा घेताना कनू तिथेच खांद्यावर घेऊन पाहावी, कोणी हसले तरी चालेल.

या हलकेपणाची किंमत मात्र सगळ्या गटाला चुकवावी लागते. डुपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये शोधलेला केव्हलरचा धागा ताणाला विलक्षण चिवट असला, तरी खडकावर घासला गेला की वरचा रेझिनचा (कडक झालेल्या राळेचा) थर निघतो आणि खालचे तंतू लव फुटल्यासारखे वर येतात. वजन वाचवण्यासाठी आमच्या कनूंवर बाहेरचा जाड जेलकोट, म्हणजे संरक्षक लेपही नव्हता. त्यामुळे किनाऱ्यावर टोक चढवून ऐटीत उतरणे बंद. गुडघाभर पाण्यात उतरायचे, कनू तरंगत असतानाच सामान काढायचे आणि मग दोघांनी ती उचलून न्यायची. ओढायची अजिबात नाही. परिणामी बूट दिवसभर ओले राहतात. आमच्यातील एकाने जलरोधक बूट आणले होते आणि त्यांत शिरलेले पाणी बाहेर पडायला वाटच नव्हती. पाणी निथळून जाईल असेच बूट घ्यावेत.

पाण्यावर ती सरळ आणि सुरेख चालते. भरलेली असताना वाऱ्याचा फारसा त्रास होत नाही, रिकामी असली तर मात्र वारा तिला सहज भरकटवतो. समोरून वारा असेल तर जड पिशवी थोडी पुढे सरकवावी, मागून असेल तर मागे. एवढ्यानेही वल्हवणाऱ्याचे कष्ट जाणवण्याइतके कमी होतात. रात्री ती उलटी करून झाडाला बांधणे विसरू नये. उथळ, खडकाळ आणि वेगवान प्रवाहासाठी मात्र ही कनू मुळीच नाही. तिथे पूर्वी रॉयलेक्स हे अनेक थरांचे चिवट प्लॅस्टिक वापरत, पण त्याचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, त्यामुळे त्या कनू आता जुन्याच मिळतात.

सेवेविषयी संमिश्र मत आहे. लाइफ जॅकेट मापाचे आणि स्वच्छ होते, कर्मचाऱ्याने नकाशावर मुक्कामाच्या जागा नीट समजावून दिल्या. पण जादा वल्हे मागितल्यावरच मिळाले, जे खरे तर प्रत्येक कनूबरोबर न मागता द्यायला हवे. परत करताना तळावरच्या प्रत्येक ओरखड्याची चौकशी झाली आणि निघण्यापूर्वी काढून ठेवलेल्या छायाचित्रांमुळेच आमची अनामत रक्कम पूर्ण परत मिळाली.