शुगरसाठी डिजिटल ट्विन घ्यावं, की मिरजेच्या डॉक्टरांकडेच राहावं?

तासगावच्या काकांचा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ८ आला आणि घरात दोन मतं झाली. पुण्यातला मुलगा म्हणतो, डिजिटल ट्विनची सेवा घेऊ. काकू म्हणतात, मिरजेचे डॉक्टर सोडायचे नाहीत. १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी दवाखाना काढला तेव्हापासून आसपासच्या गावांची पावलं मिरजेकडे वळतात, त्यामुळे काकूंचा विश्वास समजण्यासारखा आहे. दोन्हींची चौकशी मी केली.

ट्विनमध्ये दंडाला सेन्सर लावतात. तो कातडीखालच्या द्रवातली साखर सतत मोजत राहतो. सोबत झोप, चालणं, वजन, रक्ताचे रिपोर्ट आणि आपण नोंदवलेलं जेवण. यातून आपल्या शरीराचं गणिती रूप संगणकात तयार होतं आणि काय खाल्लं तर साखर किती चढेल याचा अंदाज देतं. कल्पना हवेतली नाही. टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांची अशी संगणकी प्रतिकृती अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २००८ मध्ये इन्सुलिनच्या काही चाचण्यांत प्राण्यांवरील प्रयोगांऐवजी मान्य केली. काकांचा मधुमेह मात्र टाइप २ आहे, आणि त्याचं गणित जास्त गुंतागुंतीचं असतं.

जेवणाच्या बाबतीत ट्विन सरस आहे, यात मला शंका नाही. एचबीए१सी ८ म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर साधारण १८३ (मिग्रॅ प्रति डेसिलिटर). ती सकाळच्या पोह्यांनी चढली की रात्रीच्या भातानं, हे त्या आकड्यातून कळत नाही. "गूळ चालतो" असं मानणाऱ्या माणसाला स्वतःचाच आलेख दिसला की वेगळं समजवावं लागत नाही. फक्त जेवण खरं नोंदवलं पाहिजे, आणि सेन्सरच्या दंडावर झोपलं तर आकडा खोटा कमी दिसू शकतो, हे माहीत हवं.

पण पाय कोण बघणार? काका बागेत अनवाणी फिरतात. बधिर झालेल्या तळव्याला काटा लागला तर कळत नाही, आणि सेन्सरलाही ते दिसत नाही. डॉक्टर पायाला बारीक तंतू टेकवून संवेदना तपासतात, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन (किडनीची तब्येत सांगणारं प्रथिन) बघायला लावतात. हे काम सुटलं तर साखर सुधारूनही पाय किंवा डोळा जाऊ शकतो.

सर्वांत जास्त काळजी मला गोळ्यांची वाटते. ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी चालू असताना ट्विनच्या सांगण्यावरून जेवण एकदम कमी केलं, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: गोळी कोण कमी करणार, तो डॉक्टर आपल्या डॉक्टरांशी बोलणार का, रात्री फोन उचलणार का? उत्तर गोलमोल आलं तर तिथंच थांबा. आपली माहिती कुणाकडे जाते, हेही लेखी घ्या.

नुकतंच निदान झालं असेल, वजन जास्त असेल आणि मोबाइलवर रोज नोंदी करायची तयारी असेल, तर डॉक्टर न सोडता ठरावीक मुदतीसाठी ट्विन घ्यायला हरकत नाही. इन्सुलिन चालू असेल, किडनी बिघडली असेल किंवा माणूस एकटा राहत असेल, तर मी डॉक्टरच निवडेन.

काकांसाठी आम्ही मधला मार्ग धरला आहे. मिरजेच्या डॉक्टरांना विचारून आधी एकच सेन्सर, दोन आठवडे. त्याचा आलेख घेऊन सोमवारी त्यांच्याकडे जायचं आहे. आणि बागेत जाताना चप्पल घालायची, हे काकूंनी आजपासूनच लागू केलं आहे.