दमेकऱ्याच्या बेडरूममध्ये इन्व्हर्टर एसी: काही महिने वापरल्यानंतर

कूलिंग झकास, आवाज जवळपास नाहीच. त्यावर इतरांनी भरपूर लिहिलंय, म्हणून मी फक्त श्वासाबद्दल लिहितो. मला लहानपणापासून दमा आहे आणि सकाळच्या शिंका तर ठरलेल्याच. एसी घेताना घरच्यांचं एकच पालुपद होतं: "छातीला बाधेल."

सुरुवातीला उलटंच झालं, रात्रीचा खोकला कमी झाला. खिडक्या बंद असल्याने बाहेरची धूळ आणि परागकण कमी आत येतात, हे एक कारण. दुसरं कारण माझ्या मते जास्त महत्त्वाचं, ते म्हणजे दमटपणा. गाद्या-उशांमधले डस्ट माइट (डोळ्यांना न दिसणारे धुळीतले बारीक किडे, यांची अ‍ॅलर्जी दमा वाढवते) हवेतला ओलावा शोषून जगतात. आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली टिकली की त्यांची वाढ खुंटते. उशाशी छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) ठेवलाय. एरवी सत्तरीच्या पुढे असणारा आकडा एसी चालू असताना पन्नाशीच्या आसपास येतो. खोलीच्या मानाने फार मोठा एसी मात्र घेऊ नका. तो झटपट गार करून थांबतो आणि ओलावा तसाच राहतो.

18 वर ठेवून झोपलं की पहाटे घसा कोरडा आणि छातीत शिट्टी. थंड, कोरड्या हवेने दमेकऱ्याच्या श्वासनलिका आकसतात, त्यामुळे यात नवल काहीच नाही. आता 26, पंखा मंद आणि झोत छताकडे. अंगावर थेट हवा नको, बस्स.

खरा त्रास दमट दिवसांत सुरू झाला. एसी लावला की पहिली दोन मिनिटं कुबट वास आणि लगेच शिंका. पुढचं झाकण उघडून टॉर्च मारला तर जाळी स्वच्छ, पण आतल्या गोल ब्लोअरच्या पात्यांवर काळे ठिपके. गार कॉइलवर पाणी धरतं, त्यावर बारीक धूळ चिकटते, आणि मशीन बंद झालं की त्या ओल्या अंधारात बुरशीला रान मोकळं. सर्व्हिसला आलेल्या माणसाने जाळी धुतली, सुगंधी स्प्रे मारला आणि वर "गॅस भरावा लागेल" म्हणाला. गॅस बंद नळ्यांमध्ये फिरतो; गळती नसेल तर तो संपत नाही. आणि त्याचा वासाशी काय संबंध? दुसऱ्याला बोलावून ब्लोअर आणि ड्रेन ट्रे काढून धुवून घेतले, तेव्हा कुठे वास गेला. ऑटो क्लीन म्हणजे बंद केल्यावर काही वेळ पंखा चालवून कॉइल सुकवणं. ही सोय मशीनमध्ये होतीच, पण कारखान्यातून बंद करून आलेली. आल्या आल्या ती चालू करा.

आता कोंदटपणा. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. भिंतीतून जाणाऱ्या तांब्याच्या नळ्यांत फक्त गॅस असतो, शेजारच्या पाइपातून पाणी बाहेर जातं, आणि खोलीतली तीच हवा रात्रभर फिरत राहते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण 420 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 420 भाग असतो. दोघं दार-खिडक्या लावून झोपलो तेव्हा माझ्या मीटरवर पहाटे 2000 च्या वर आकडा होता. डोकं जड होतं ते यानेच असावं. घरात कोणाला सर्दी झाली असेल तर त्याचे विषाणूही त्याच हवेत घोटाळतात. आता खिडकी दोन बोटं उघडी ठेवतो. वीज थोडी जास्त जाते, ती जाऊ दे.

"पीएम 2.5 फिल्टर"च्या (पीएम 2.5 म्हणजे हवेतली अतिबारीक धूळ) स्टिकरवर भाळू नका. ती जाळीच्या कोपऱ्यात बसवलेली चिंचोळी पट्टी आहे; बरीचशी हवा तिला वळसा घालून जाते. खरा हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो, पण त्यातून हवा ओढण्याइतका जोर या ब्लोअरमध्ये नसतो. त्यासाठी प्युरिफायर वेगळा घ्यावा लागतो.

एसीमुळे लीजनेअर्स (जंतूंमुळे होणारा गंभीर न्यूमोनिया) होईल अशा भीतीचे मेसेज मलाही येतात. 1976 मध्ये फिलाडेल्फियात तो आजार पहिल्यांदा ओळखला गेला, पण त्याचे जंतू मुख्यतः मोठ्या इमारतींच्या कूलिंग टॉवरसारख्या (एसीचं पाणी गार करणारी मोठी यंत्रणा) ठिकाणी, पाण्याच्या तुषारांतून पसरतात. घरच्या स्प्लिटला टॉवरच नसतो.

माझा रोजचा इनहेलर चालूच आहे, एसी आला म्हणून डॉक्टरांनी तो कमी केलेला नाही. पाचपैकी चार स्टार. एक कापला तो ब्लोअर काढायला निम्मं मशीन खोलावं लागतं म्हणून. घेण्याआधी दुकानदाराला हे नक्की विचारा.