न भरलेल्या टेंडरात मी एल-वन आलो

खोट्या सरकारी ऑर्डरीपायी माझे गेले 44,300 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो. घरात सांगायला मला आठ दिवस लागले.

गोव्यात डिचोलीला माझे फर्निचरचे लहान दुकान आहे. ऑगस्टात एका शुक्रवारी दुपारी फोन आला. अमुक खात्याचा स्टोअर विभाग, पर्वरीहून बोलतोय, शाळांना बाके हवीत, जीएसटी धरून काय भाव? मी 7,800 म्हटले. माणूस अडखळला नाही. इन्स्पेक्शन, चलन, बिल ट्रेझरीतून, सगळी भाषा आमच्या धंद्यातली. आधी वेंडर नोंदणी करा म्हणाला: 4,000 अधिक 18 टक्के, 4,720. कराचे 720 वेगळे दाखवले हो! चोर जीएसटी लावतो असे कुणाच्या मनात येईल? पैसे मात्र कुणा बाईच्या यूपीआयवर गेले. ती कॅशियर असेल, असे मीच ठरवले.

शनिवारी व्हॉट्सअॅपवर सप्लाय ऑर्डर आली. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, जावक क्रमांक. 120 बाके, 9,36,000 रुपये. ‘अभिनंदन सर, तुम्ही एल-वन.’ आता 3 टक्के अनामत भरा, 28,080.

इथे मी थांबायला हवे होते. एल-वन म्हणजे सगळ्यांत कमी दर भरणारा. मी दर भरलाच कुठे होता? जाहिरात नाही, टेंडर नंबर नाही, डिजिटल सही नाही. तांत्रिक बोली कधी उघडली, आर्थिक कधी, एल-टू कोण, काहीच विचारले नाही. 2017 चे केंद्राचे वित्तीय नियम आले तेव्हा कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा 25 हजार होती. राज्याचा आकडा काहीही असो, साडेनऊ लाखांचा माल फोनवर भाव विचारून कुठलेच सरकार घेत नाही. आणि हे मला माहीत होते! जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, तीनदा बोली लावून तिन्ही वेळा हरलोय मी. हरलेल्या माणसाला जिंकल्याचे कागद खरे वाटतात, दुसरे काय. वर चतुर्थी तोंडावर, दुकानात गिऱ्हाईक नाही. आणि शनिवारी गोव्यातली सरकारी कचेरी बंद असते, हे शाळेतल्या पोराला ठाऊक आहे.

रविवारी इन्स्पेक्शनचे म्हणून 11,500 गेले. सोमवारी त्याने आणखी 18,000 मागितले, तेव्हा डोळे उघडले.

बँक म्हणाली, 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. केला, तक्रार क्रमांक मिळाला. (पैसे गेले की त्याच तासात करा. मी दोन दिवस घालवले.) पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर बसवून विचारले, ओटीपी दिला? नाही. पैसे कुणी पाठवले? मीच. ‘मग फसवणूक कशी?’ आता यावर काय बोलणार!

त्या खात्यात गेलो. कारकुनाने पत्र पाहिले आणि हसला. आमचा जावक क्रमांक असा नसतोच म्हणे, आणि या महिन्यात असे पत्र घेऊन येणारे तुम्ही तिसरे. तिसरा! मग दाराशी एक नोटीस का लावत नाही? आपला शिक्का बाजारात फिरतोय आणि यांना हसू येते. पत्र बनावट आहे एवढे लेखी द्या म्हटले, तर ‘साहेब रजेवर’. पुढच्या खेपेस साहेब मिटिंगला. लेखी नाही तर पोलीस पुढे सरकत नाहीत, आणि पोलिसांचे पत्र नाही तर हे लेखी देत नाहीत.

असा फोन आला तर टेंडर नंबर मागा आणि तो सरकारी ई-टेंडरच्या पानावर स्वतः शोधा. अनामत खासगी नावावर कधीच जात नाही. पत्रावरच्या फोनवर चौकशी करू नका, तो चोरच उचलतो. मी केली होती.

शेवटी 10 रुपये भरून माहिती अधिकारात विचारले: हे पत्र तुमच्या जावक नोंदवहीत आहे का? 30 दिवसांची मुदत, आज एकविसावा. काल साखळी गावच्या एका स्टेशनरीवाल्याचा फोन आला. त्याला त्याच नंबरावरून विचारणा आलीय, विचारत होता, टोनरचा भाव सांगू का?